नंबर विचारू नका, आधी पाय मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही बुटांच्या नंबरांचा तक्ता छापला होता. तो मी कापून फ्रीजवर लावलाय, कौतुकाने नाही हो, त्यावर पेनाने दुरुस्त्या करता करता माझी अर्धी सकाळ गेली म्हणून. ब्रिटिश नंबर, युरोपियन नंबर, अमेरिकन नंबर अशा तीन रांगा, रंगीत, सुबक, बायका-पुरुष सगळे एकाच रांगेत बसवलेले आणि सेंटिमीटरचा रकाना नाहीच. आता मला सांगा, या तक्त्यात बोट ठेवायचं कुठे? पाच म्हणजे अडतीस हे कळलं, पण मी पाच आहे हे कुणी ठरवलं? तक्ता वापरायचा तर आपला एक तरी आकडा खरा पाहिजे ना, आणि तोच बहुतेकांकडे नसतो. असतो तो विसाव्या-बाविसाव्या वर्षी कुठल्यातरी दुकानात चिकटलेला नंबर, जो आपण ब्लड ग्रुपसारखा जन्मभर सांगत फिरतो.

मी पण त्यातलीच. कॉलेजपासून पाच नंबर, तीस वर्षं झाली. मधे दोन बाळंतपणं झाली, वजन वाढलं, चष्म्याचा नंबर चारदा बदलला, कपड्यांची मापं तर दरवेळी नव्याने देतेच, पण पायाचा नंबर कधी बदलेल असं डोक्यातसुद्धा आलं नाही. मग सकाळी चालायला जायला लागले, नवे बूट घेतले, अर्थात पाच नंबरचेच, आणि दीड महिन्यात डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं आणि करंगळीवर कुरूप. डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी नख बघितलं न बघितलं आणि बूट मागितला, आत हात घालून चाचपला, आणि मला म्हणाले, पाय शेवटचा कधी मोजलात? मला आधी वाटलं गंमत करतायत.

घरी येऊन मोजायला घेतलं. तुमचाच पेपर जमिनीवर पसरला, शेअर बाजाराचं पान, कारण त्यात फोटो कमी. आणि तेव्हा कळलं की पाय मोजणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही, म्हणजे अवघड नाही पण चुकायला जागा खूप. टाच भिंतीला टेकवायची म्हणतात, पण भिंतीला खाली टाइलची पट्टी असते, ती थोडी पुढे आलेली असते, कागद तिच्याशी मुडपला की तिथेच दोन-तीन मिलिमीटर गेले. मी बसून मोजला तर एक आकडा आला, उभं राहून मोजला तर वेगळाच, कारण वजन पडलं की पायाची कमान खाली बसते आणि पाय लांबीला पण वाढतो आणि रुंदीला पण. म्हणजे उभ्यानेच मोजायला पाहिजे, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन. आणि उभ्याने स्वतःचा स्वतः मोजता येत नाही, वाकलं की वजन पुढे जातं, टाच हलते. शेवटी आमच्या ह्यांना खाली बसवलं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, कुठलं बोट? मी म्हटलं अंगठा, अजून कुठलं. तर नाही, माझं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब निघालं! पन्नाशी उलटल्यावर हे कळावं. असं खूप जणांचं असतं म्हणे, त्यामुळे टाचेपासून सगळ्यात लांब जे बोट असेल तिथे खूण करायची, अंगठ्याशी नाही.

पेन्सिलीचं पण सांगते. पेन्सिल सरळ उभी धरावी लागते, कागदाला काटकोनात. आपण लिहिताना धरतो तशी तिरकी धरली आणि टोक पायाखाली गेलं तर पाय आखूड येतो, बाहेर कललं तर लांब. ह्यांनी पहिल्यांदा तिरकी धरली आणि उभी धरली यात चांगला चार मिलिमीटरचा फरक आला. तुम्ही म्हणाल चार मिलिमीटरने काय होतंय, सुतार लोक ज्याला सूत म्हणतात ते सव्वा तीन मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा सूत फक्त. पण ब्रिटिश मापात अर्धा नंबर म्हणजेच सव्वाचार मिलिमीटर होतो. पेन्सिल कशी धरली यावर अर्धा नंबर इकडचा तिकडे! म्हणून मी आता पेन्सिलच वापरत नाही, बोटांच्या पुढे एक जाड पुस्तक उभं टेकवते आणि पुस्तकाच्या कडेशी रेघ मारते, टाचेमागे पण तसंच पुस्तक, भिंतीची कटकटच नको.

तर आकडे असे आले. उजवा २४.१, डावा २४.७. सहा मिलिमीटरचा फरक दोन पायांत, आणि मी इतकी वर्षं दुकानात उजवा पाय पुढे करत आले, कारण घालून बघायला हातात पहिला उजवाच देतात. माझा पाच नंबर उजव्या पायाचा होता. डावा तीस वर्षं मुकाट्याने दुसऱ्याच्या बुटात राहत होता. दोन पाय थोडे कमी-जास्त असणं अगदी कॉमन आहे, त्यात आजार वगैरे काही नाही, फक्त बूट नेहमी मोठ्या पायाला घ्यायचा, लहान पायाच्या बुटात जास्तीचं इनसोल टाकता येतं, मोठ्या पायाला कापून लहान करता येत नाही.

आणि वेळ. आम्ही पहिल्यांदा सकाळी सातला मोजलं, तो हिशोबच सोडून द्या. दिवसभर उभं राहून, चालून संध्याकाळी पाय फुगतात, पाणी खाली उतरतं, उन्हाळ्यात जास्तच. संध्याकाळी मोजावं, बूट पण संध्याकाळीच घ्यावे, आणि जे मोजे घालणार तेच घालून. वर दिलेले आकडे संध्याकाळचे आहेत.

यानंतर मी शहाणपणा केला तोही सांगते, लपवायचं कशाला. नेटवरून पाय मोजायची पट्टी डाउनलोड केली, प्रिंट काढली, त्यावर उभी राहिले तर डावा पाय साडेसव्वीस! मी म्हटलं बापरे, म्हणजे परिस्थिती फारच हाताबाहेर गेलीय, आणि सरळ आठ नंबर ऑर्डर केला. आला तो बूट बघून मुलगा म्हणाला आई यात तू बस, वल्हं मी आणतो. झालं असं होतं की प्रिंटरने कागदात मावावं म्हणून अख्खं चित्र सात-आठ टक्के बारीक केलं होतं. पट्टी आक्रसली की पाय मोठा दिसणारच. तेव्हापासून प्रिंट काढली की आधी त्यावर बँकेचं कार्ड ठेवून बघते, कुठल्याही बँकेचं कार्ड जगात कुठेही घ्या ८५.६ मिलिमीटर लांब असतं, ते मापच आंतरराष्ट्रीय ठरलेलं आहे. आणि त्याहून सोपं म्हणजे कोरा ए-फोर कागद, तो २९.७ सेंटिमीटर लांब असतो. टाच एका कडेशी ठेवा, बोटापुढे खूण करा, खुणेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जे उरलं ते २९.७ मधून वजा करा, झालं.

आता तुमच्या तक्त्याकडे येते. त्यात लिहिलंय की ब्रिटिश पाच म्हणजे युरोपियन अडतीस, जणू काही देवाने सांगितलंय. माझ्याकडे तीन जोड आहेत, तिन्हीवर पाच लिहिलंय, एकावर अडतीस आहे, एकावर साडेसदतीस, एकावर एकोणचाळीस. सुरुवातीला मला वाटलं कंपन्या फसवतात. तसं नाही. ही दोन्ही मापं मुळात एकमेकांत बसतच नाहीत. इंग्रजी माप जवाच्या दाण्यावरून आलं, तीन दाणे एकापुढे एक ठेवले की एक इंच, म्हणजे एक नंबर वाढला की इंचाचा तिसरा हिस्सा, ८.४७ मिलिमीटर. युरोपातलं माप फ्रान्सकडून आलं, त्याला पॅरिस पॉइंट म्हणतात, तो सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, ६.६७ मिलिमीटर. एक शिडी साडेआठच्या पायऱ्यांची आणि दुसरी पावणेसातच्या, शेजारी उभ्या केल्या तर पायऱ्या क्वचितच समोरासमोर येणार, मग कंपनी जवळची पायरी पकडते, कुणी वरची कुणी खालची. अमेरिकन तर पुरुषांना ब्रिटिशपेक्षा साधारण एकने जास्त आणि बायकांना दीड-दोनने जास्त, त्यामुळे तुमच्या तक्त्यात दोघांना एकच रांग दिलीय ती साफ चूक आहे, तेवढी दुरुस्ती तरी छापा. लहान मुलांचं अजून मजेशीर, इंग्रजी मापात मुलांचा शून्य चार इंचांवर सुरू होतो, तिथून चढत चढत तेरा, आणि तेरानंतर चौदा नाही, परत एक! माझ्या मुलाला तेरा नंबर लहान झाला तेव्हा मी दुकानात चौदा मागितला होता आणि तिथल्या पोराने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

पण सगळ्यात मोठी गोष्ट जी मला कुणीच कधी सांगितली नव्हती ती ही, की बुटावरचा नंबर आपल्या पायाचा नसतोच, तो कलबुताचा असतो. कलबूत म्हणजे ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या साच्यावर बूट चढवून शिवतात तो. ब्रिटिश आणि युरोपियन दोन्ही नंबर मुळात कलबुताची लांबी सांगतात, आणि कलबूत पायापेक्षा लांब असतं, दीड-दोन सेंटिमीटर, बोटांपुढे जागा राहावी म्हणून. किती लांब ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे नंबर पायाचा नाही, बुटाच्या आतल्या मोकळ्या जागेचा, आणि ती जागा पण कुणाची ऐसपैस, कुणाची चिकट. उदाहरण देते, माझा डावा २४.७, त्यात दीड सेंटिमीटर मिळवा, २६.२. त्याची दीडपट केली की ३९.३, हा युरोपियन नंबर. इंचात केलं तर १०.३, तिप्पट करा, ३१ च्या आसपास, त्यातून २५ वजा (मुलांचा शून्य चार इंचांवर, म्हणजे बारा दाणे, आणि पुढचे मुलांचे तेरा नंबर), उरले सहा. म्हणजे मी सहा. पण एखाद्या कंपनीने दीडऐवजी दोन सेंटिमीटर जागा धरली असेल तर हाच हिशोब साडेसहावर जातो. पाय तोच, बसलाय शांत.

म्हणून सेंटिमीटर. बुटाच्या जिभेच्या आत जे लेबल असतं ना, त्यावर बारीक अक्षरात सेंटिमीटरचा किंवा जपानी मापाचा आकडा बऱ्याचदा असतो, तो मात्र पायाचा असतो. जपानमध्ये बुटाचा नंबर म्हणजे सरळ पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, किती शहाणी माणसं. आंतरराष्ट्रीय मानक पण आहे, मोंडोपॉइंट नावाचं, त्यात पायाची लांबी आणि रुंदी दोन्ही मिलिमीटरमध्ये लिहितात, समजा २६५/१००, बास, भाषांतर नको काही नको. बर्फावर घसरायचे जे स्कीचे बूट असतात ते जगभर याच मापाने विकले जातात, आणि बऱ्याच सैन्यांचे बूट पण. आपल्या साध्या बुटांना ते का लागू झालं नाही कोण जाणे. आणि एक, सेंटिमीटर म्हटलं की काही जण जुन्या बुटाचा तळ खालून मोजतात, तसं करू नका, तळ पायापेक्षा सहज दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो.

दुकानाचं नाव घेत नाही, घ्यायचंही नाही, पण त्या चालायच्या बुटांच्या वेळी मी म्हटलं होतं की डावा जरा लागतोय. तर तिथला मुलगा म्हणाला, ताई, दोन-चार दिवस वापरा, आपोआप सैल होतो. हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय आणि आता ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते, म्हणजे शब्दशः तळपायाची. अहो चामडं रुंदीला थोडं सैल होतं, मान्य, पण लांबीला बूट वाढत नाही, कधीच नाही, आणि रेक्झिन किंवा सिंथेटिक असेल तर रुंदीला पण फारसं नाही. सैल होतो तो बूट नाही, आपला पाय गप्प बसायला शिकतो.

रुंदीचा विषय निघालाच आहे तर. ज्यांचा चवडा रुंद ते काय करतात, एक नंबर मोठा घेतात. माझी बहीण हेच करते. लांबी वाढली की कलबूत रुंदीला पण थोडं वाढतं, त्यामुळे चवड्याला बरं वाटतं, पण मग बुटाची जी जागा वाकायला हवी ती पायाच्या वाकण्याच्या जागेच्या पुढे जाते. पाय कुठे वाकतो, तर अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथे, आणि बूट तिथेच वाकला पाहिजे. पुढे वाकला तर टाच उचलली जाते, बूट मागून फटफट वाजतो, पाय आत पुढे सरकतो आणि परत बोटं टोकाला, म्हणजे मोठा बूट घेऊन पण नख काळंच. रुंदी वेगळी मोजायची असते, चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाशी, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत, आणि कपड्यांच्या टेपने त्याच जागी गोल घेर पण. काही कंपन्या रुंदीला अक्षरं लावतात, पण तिथेही गंमत, अमेरिकेत पुरुषांची मध्यम रुंदी डी आणि बायकांची बी, त्यामुळे डी लिहिलेला बूट पुरुषांचा असेल तर नॉर्मल आणि बायकांचा असेल तर रुंद. अक्षर बघताना कुणाचा बूट तेही बघा.

ही सगळी मापं एका दमात घेणारं एक यंत्र आहे, ब्रॅनॉक डिव्हाइस, धातूचं ताट असतं, त्यावर सरकणाऱ्या पट्ट्या. अमेरिकेत सिरॅक्यूजला चार्ल्स ब्रॅनॉक म्हणून एका बूट दुकानदाराचा मुलगा होता, त्याने १९२० च्या दशकात केलं, पहिला नमुना म्हणे मुलांच्या जोडाजोडीच्या धातूच्या खेळण्यापासून बनवला. त्यातली हुशारी ही की ते लांबी दोन मोजतं, टाच ते बोट, आणि टाच ते अंगठ्याचं मूळ. काहींची बोटं आखूड असतात पण मधला पाय लांब, त्यांना बोटापर्यंतच्या मापाचा बूट दिला की वाकायची जागा चुकते, म्हणून दोन्हीतलं जे मोठं येईल ते घ्यायचं. शंभर वर्षं होत आली या यंत्राला आणि मी आजपर्यंत एकाही दुकानात माझा पाय त्यावर ठेवलेला नाही. ठेवला कुणी असेल तर कळवा. त्याच काळात दुकानांमध्ये चक्क एक्स-रेचं मशीन पण आलं होतं, मुलं त्यात पाय घालायची आणि बुटातली आपली हाडं हिरवट उजेडात वरून बघायची, खूप चाललं ते, मग किरणांचा धोका लक्षात आला आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी बंदी यायला लागली. एवढी हौस केली लोकांनी, आणि आपण साधी फूटपट्टी लावत नाही.

मुलांचं मात्र खरंच गंभीर आहे. लहान मुलांच्या पायात हाडापेक्षा कूर्चा जास्त असते, मऊ असते, बूट लहान झाला तर त्यांना दुखतच नाही बऱ्याचदा, पाय निमूट आत दुमडून घेतात. आणि आपण काय करतो, वरून अंगठा दाबून बघतो की पुढे जागा आहे का. दाबलं की पोरगं बोटं आत ओढतं आणि आपल्याला वाटतं भरपूर जागा आहे! त्यापेक्षा बुटातलं इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि पोराला त्यावर उभं करा, बोटांपुढे बोटाच्या रुंदीएवढी, एक सेंटिमीटरच्या वर जागा दिसली पाहिजे. चार वर्षांच्या आतल्या मुलांचे पाय दर दोन-तीन महिन्यांनी मोजावे लागतात इतके भराभर वाढतात. भावाचे जुने बूट धाकट्याला देणं हा प्रकार मी पण केलाय, आता करणार नाही, कारण बूट आधीच्या पायाच्या आकाराने बसलेला असतो.

आणि दुसऱ्या टोकाला आमचे सासरे. वीस वर्षं डायबिटीस. पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे त्यांना घट्ट बूटच बरा वाटायचा, कारण सैल घातला की पायात काही आहे हेच कळायचं नाही. लहान बूट घालून हिंडले, करंगळीच्या बाजूला फोड आला, फुटला, तिसऱ्या दिवशी मोज्यावर डाग दिसला तेव्हा आम्हाला कळलं, त्यांना तेव्हाही दुखत नव्हतं. ती जखम भरायला अडीच महिने गेले. अशा माणसांनी तर घालून बरं वाटतंय का यावर जायचंच नाही, आकड्यावर जायचं, आणि रोज बूट घालायच्या आधी आत हात फिरवून बघायचं. वयानुसार पाय पसरतो सगळ्यांचाच, अस्थिबंध सैल पडतात, कमान बसते. गरोदरपणात पण हेच होतं आणि पाय परत पहिल्यासारखा होईलच असं नाही, माझे ते सहा-सात मिलिमीटर कुठून आले ते आता समजलं. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा छापला होता, त्यात ६३ ते ७२ टक्के लोकांचे बूट लांबीला किंवा रुंदीला त्यांच्या पायाशी जुळत नव्हते. म्हणजे दर तिघांत दोघं. बसमध्ये उभी असले की मी आता लोकांच्या पायांकडे बघते.

मी सध्या काय करते ते सांगते. जाड पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी कापलीय, डाव्या पायाची लांबी अधिक एक सेंटिमीटर, म्हणजे २५.७. ती पर्समध्ये असते. बूट हातात घेतला की आत सरकवते, न वाकता टाचेपासून टोकापर्यंत गेली तर बूट घालून बघण्याच्या लायकीचा, नाही गेली तर परत. नंबर काय लिहिलाय ते शेवटी बघते, जमलं तर. दुकानातली माणसं हसतात, हसू देत. टोकदार बुटांना ही पट्टी फसते एवढं लक्षात ठेवा, पट्टी त्या रिकाम्या चोचीत जाऊन बसते जिथे पायाचं बोट कधीच पोचणार नाही, तिथे चवड्याशीच बघावं लागतं. आणि पट्टी बसली म्हणून बूट बसला असं नाही, दोन्ही पायांत घालून, टाच मागे नीट ठोकून, नाड्या बांधून, उभं राहून, चालून बघायचंच, पण निदान पहिले वीस जोड वाया जात नाहीत.

तर माझी विनंती. तक्ता परत छापू नका. त्याऐवजी पुरवणीत एक पूर्ण पान द्या, त्यावर खऱ्या मापाची तीस सेंटिमीटरची पट्टी छापा, तुमच्या पानाच्या रुंदीत ती मावते, मी मोजलंय. शेजारी बँकेच्या कार्डाचा चौकोन छापा म्हणजे लोकांना पट्टी खरी आहे का ते ताडून बघता येईल, आणि खाली ठळक लिहा की हे मोबाइलवर किंवा ई-पेपरवर वापरू नका, तिथे पट्टी स्क्रीनप्रमाणे लहान-मोठी होते. पेपर घरोघरी जातो, जमिनीवर पसरायची सगळ्यांना सवय आहे, तळपायाला थोडी शाई लागेल, लागू दे. पेन्सिल उभी धरा आणि दोन्ही पाय मोजा या दोन ओळी माझ्या नावाशिवाय टाकल्या तरी चालतील.

फक्त पट्टी आडवी छापा आणि पानाच्या खालच्या अर्ध्यात छापा. उभी छापलीत तर ती मधल्या घडीवर येईल, घडीत दोन-तीन मिलिमीटर गेले की परत आम्ही आपल्या पाच नंबर.

आपली,
एक नियमित वाचक
(डावा २४.७, उजवा २४.१)